चाकांवरचे बिऱ्हाड

ज्या राज्याला दोन राजधान्या असतात, त्या राज्यातल्या कारकुनाला धड एकही घर नसते. हे वाक्य मी एकदा कचेरीत बोलून दाखवले होते. आमचे इंदूरचे अवर सचिव रमाकांतजी नेमके मागून येत होते. त्यांनी ते ऐकले, क्षणभर थांबले आणि "वाक्य चांगलं आहे, टिपणीत घालू नका," एवढेच म्हणून पुढे गेले. तेव्हापासून मी माझी चांगली वाक्ये घरी बोलतो. घरी ती कोणी ऐकत नाही, हा भाग निराळा.

मध्यभारत राज्य झाले तेव्हा ग्वाल्हेर मोठे की इंदूर मोठे, असा वाद पडला होता. त्यावर मोठ्या लोकांनी तोडगा काढला, की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला ठेवावी आणि उन्हाळ्यात इंदूरला. तोडगा काढून ते मोकळे झाले. एप्रिल आला की दप्तरे, कपाटे, टंकलेखनयंत्रे, शाईच्या दौती आणि आम्ही, असे सगळे इंदूरच्या दिशेने भरले जात असू, आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा तसेच परत. या सामानात दौतींची काळजी सर्वांत जास्त घेतली जाई.

मी होतो सुट्टी-एकीकरण विभागात. असा विभाग असतो हे लोकांना खरे वाटत नाही, पण पंचवीस संस्थाने एकत्र आली तशा त्यांच्या सुट्ट्याही एकत्र आल्या होत्या. कुठे राजाचा वाढदिवस, कुठे राणीसाहेबांच्या व्रताचे उद्यापन. एका संस्थानात तर महाराजांचा लाडका हत्ती वारला त्या तिथीला कचेऱ्या बंद असत. त्या हत्तीवर आमच्याकडे दोन वर्षे पत्रव्यवहार चालला. कोणाच्याही भावना न दुखावता सुट्ट्या कमी करायच्या होत्या. काम इतके नाजूक होते की ते करणाऱ्यांना सुट्टी घेताच येत नसे.

हे सगळे मी हसतहसत सोसले असते. पण घरी शरयू होती आणि तिची छाती नाजूक होती. लग्नानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात तिला दम्याने गाठले. डॉक्टरांनी नळी छातीला लावून सांगितले, "धूर टाळा." तेव्हापासून ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत कोळशाची शेगडी आधी गल्लीत फुलते, निखारे लाल झाले की मगच आत येते. एका वर्षी हिंमत करून मी शरयूला आणि मुलीला इंदूरला घेऊन गेलो. सबंध सचिवालय येऊन पडल्यावर त्या शहरात कारकुनाला कसली खोली मिळणार? मिळाली ती एका हलवायाच्या भट्टीच्या वर. महिनाभर शरयू रात्रभर उशीला टेकून बसून राही आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राही. शेवटी मीच दोघींना ग्वाल्हेरला परत पोचवून आलो. मग दर उन्हाळ्यात मी तिकडे, त्या इकडे, असेच ठरून गेले.

माझ्या मुलीचे नाव सुनंदा. आम्ही तिला नंदू म्हणतो. पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा पाच वर्षांची नंदू धावत आत गेली आणि ओरडली, "आई, ते इंदूरचे आले!"

ग्वाल्हेरच्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. मी हसलो. शरयूही हसली. मग ती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चाकांवरच्या बिऱ्हाडाची कल्पना त्या दिवशी जन्मली, असे आता मला वाटते. ती प्रत्यक्षात दिसली मात्र संक्रांतीला. आमच्या घराण्याने सरदार महिपतरावांच्या घराण्याची फडनिशी तीन-चार पिढ्या केली. जहागिरी गेल्या, फड गेला, तरी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जायची रीत मी मोडली नव्हती. तिथे घोड्यांच्या रिकाम्या पागेत मला ती गाडी दिसली.

ती महिपतरावांची शिकारगाडी होती. लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी खोली बांधलेली. आत भिंतीला दुमडणारे दोन पलंग, मोडून ठेवायचे टेबल, स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेला कोनाडा, पाण्याची टाकी, खिडक्यांना गाद्यांच्या खोळीसारखे जाड पडदे. वाघाची वाट पाहत सरदारांनी आठ-आठ दिवस जंगलात काढावेत म्हणून ती बनवली होती. मी आत चढलो आणि माझ्या डोळ्यांपुढे वाघ आलाच नाही. मला दिसले की इंदूरच्या कचेरीमागच्या मैदानात गाडी उभी आहे, शरयू स्टोव्हवर वरण उकळते आहे, आणि नंदू पायरीवर बसून मला बाबा म्हणते आहे.

"पेट्रोल फार पीत होती," महिपतराव म्हणाले. "मग लढाईनंतरच्या लिलावातलं डिझेलचं इंजिन बसवलं. आता खाते कमी, बोलते जास्त."

ती किती बोलते हे मला नंतर कळले. "न्या, चार दिवस दारात उभी करा," ते म्हणाले. "घोडंसुद्धा आधी फिरवून बघतात." किमतीचा शब्द त्यांनी काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही म्हणून मलाही काढता आला नाही.

गाडी आमच्या गल्लीत शिरली तो दिवस खासगी बाजार विसरणार नाही. सरदारांचा जुना ड्रायव्हर कान्होजी ती चालवत होता. मी शेजारी बसलो होतो आणि कारण नसताना लोकांना नमस्कार करत होतो. गल्लीच्या वळणावर कान्होजीने जोर दिला. गाडीच्या मागून असा काळा लोट उठला की आम्ही वळलो ते लोकांना दिसलेच नाही. लोट विरला तेव्हा समोरच्या गच्चीवर सुधाताई उभ्या होत्या. सुधाताई म्हणजे आमच्या समोरच्या शेजारीण. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या कुरडया त्या घालून देत. त्या दिवशीचा सगळा घाणा गच्चीवर वाळत होता. पांढऱ्या कुरडयांवर बारीक काजळी बसली होती.

"भालचंद्र भाऊजी!" त्या वरून ओरडल्या. "हे काय घेऊन आलात हो? आगगाडी?"

"घर आहे, सुधाताई," मी खालून म्हणालो.

"मग आग कुठं लागलीय त्याला?"

मी त्यांना नुकसानभरपाई देऊ केली. त्यांनी ती नाकारली. त्याऐवजी त्यांनी संध्याकाळी त्या काळ्या कुरडया तळून आमच्याकडे ताटभर पाठवल्या. मी त्या मुकाट्याने खाल्ल्या. चवीला वाईट नव्हत्या, पण अपमान काही पचत नव्हता.

पुढचे आठ दिवस माझ्या घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. त्यात सगळ्यांत मोठे सल्लागार रघुनाथराव. ते संस्थानी फौजेतले रिसालदार. फौज विलीन झाल्यापासून हुकूम सोडायला त्यांच्याजवळ फक्त आमची गल्ली उरली होती. ते रोज सकाळी येत, गाडीभोवती एक फेरी मारत आणि माझ्याकडे न पाहता बोलत.

"गाडी घ्यायची की नाही, हे इंजिन नाही ठरवत. धूर ठरवतो. निळा आला तर तेल जळून राहिलंय. पांढरा आला तर पाणी. काळा आला तर—"

"काळाच येतो," मी म्हणालो.

"मग डिझेल जळून नाही राहिलं, वाया जाऊन राहिलंय. किती काळा, ते मोजावं लागेल. पांढरं कापड आणा."

कापड आणायला मी आत गेलो. शरयूने जुना पंचा काढून दिला. रघुनाथरावांनी तो नापसंत केला. पंच्याचा मूळ रंग कोणता याविषयी त्यांना शंका होती. परीक्षेला संशयातीत पांढरेपणा हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. सगळी गल्ली पाहत होती. मी पुन्हा आत गेलो आणि माझे लग्नातले रेशीमकाठी उपरणे आणले. का आणले, हे मला आजही सांगता येणार नाही. चारचौघांत माझा पांढरेपणा कमी पडू नये एवढेच त्या वेळी वाटले असावे.

कान्होजीने इंजिन चालू केले. रघुनाथरावांनी उपरण्याची घडी धुराड्यापुढे धरली आणि तोंडाने आकडे मोजले. घडी उलगडली तेव्हा तिच्या मधोमध ताटाएवढा काळा डाग होता. लोकांनी तो हाताळून पाहिला. एकाने सांगितले की त्याच्या मेहुण्याच्या लॉरीचा डाग याहून मोठा आहे, तेव्हा ही गाडी उत्तम. दुसरा म्हणाला, गाडीला हरकत नाही, पण जिथे उभी कराल तिथल्या लोकांची हरकत येईल. लोकांनी आपल्या घरापुढचा धूर का खावा, हा प्रश्न खरा होता. मी त्याचे उत्तर तयार करत असतानाच रघुनाथरावांनी निकाल दिला.

"धूर मागं जातो. तुम्ही पुढं जाता. मग तुमचं काय जातं?"

एवढे तर्कशुद्ध बोलणे आमच्या विभागात मी कधी ऐकले नव्हते. पण माझी नजर दाराकडे गेली. शरयू दाराच्या आड उभी होती. तिने पदर तोंडावर घेतला होता.

त्या दिवशी दुपारी मी तिला सरळ विचारले. "तुझ्या छातीला नाही झेपायचं. परत करू?"

ती गहू निवडत होती. "घ्या," ती म्हणाली.

"अगं पण डॉक्टर म्हणाले—"

"धूर मागं जातो, रघुनाथभाऊजी म्हणाले ना. मी पुढं बसेन." मग निवडायचे थांबवून म्हणाली, "नंदूनं परवा बाहुलीचं लग्न लावलं. नवरा मांडवात उभा नाही केला. मी विचारलं, नवरा कुठाय? तर म्हणे, तो एप्रिलात गेला."

मी त्याच संध्याकाळी महिपतरावांकडे गेलो.

आता इथे जी चूक झाली ती माझ्याच हातून होऊ शकत होती. पिढ्यान्‌पिढ्या दरबारी रीत अंगात मुरलेला माणूसच ती करू शकतो. मी म्हणालो, "सरकार, गाडी घ्यायचं नक्की केलं. विक्रीचा कागद झाला की..."

"विक्री?" महिपतराव खुर्चीत ताठ झाले. "भालचंद्रराव, आमच्या घराण्यानं आजवर काही विकलं नाही. गेलं ते राज्याच्या विलीनीकरणात गेलं. दिलं ते बक्षीस दिलं."

मला लाज वाटली. माझ्या आजोबांनी असा शब्द उच्चारला असता का? मी लगेच सावरलो. पैसे रुमालावर ठेवून नजर, म्हणजे नजराणा, म्हणून पुढे केले. रीत अशी की मोठ्या माणसाने नजरेला नुसता हात लावायचा आणि ती परत द्यायची. महिपतरावांनी हात लावला. परत दिली नाही. व्यवहार पुरा झाला हे मी त्यावरून ओळखले. त्यांनी मोडीत बक्षीसपत्र लिहविले, त्यावर मोहोर उठवली, मला विडा दिला. मी तीन वेळा मुजरा केला आणि उलट्या पावली बाहेर पडलो. पागेपर्यंत मला कोणी तरी जहागीर दिल्यासारखे वाटत होते.

ते वाटणे नोंदणीच्या कचेरीत संपले. तिथल्या बाबूने गाडीत डोकावून विचारले, "इसमें चूल्हा रखने की जगह है?"

"है," मी अभिमानाने म्हणालो.

"पलंग भी है? तो ये मकान है. मकान का काम हमारे यहाँ नहीं होता."

घरांचे काम होते त्या कचेरीत गेलो. तिथला बाबू चाकांकडे बोट दाखवून म्हणाला, "जो मकान कल सुबह चला जाए, उस पर हम टैक्स किससे लें?" मी परत पहिल्या बाबूकडे आलो. स्टोव्हच्या कोनाड्यात देव ठेवू, म्हणजे ते स्वयंपाकघर राहणार नाही, असे मी सुचवले. त्यावर तो म्हणाला की मग ते मंदिर होईल आणि मंदिरांचा विभाग अजून इंदूरहून परतलेला नाही.

अखेर त्याला माझी दया आली असावी. त्याने कागद मागितले. मी मोडीतले बक्षीसपत्र पुढे केले. त्याला मोडी वाचता येईना. तेव्हा मी स्वतः, त्याच्याच टेबलावर बसून, त्याचे शब्दशः हिंदी भाषांतर करून दिले. "पीढ़ियों की सेवा से प्रसन्न होकर" हे शब्द मला इतके आवडले की मी ते ठळक लिहिले.

ते भाषांतर दोन दिवसांत रमाकांतजींच्या टेबलावर होते.

"बसा," ते म्हणाले. आमच्या कचेरीत बसा म्हणणे हे वाईट लक्षण समजले जाते. "सरकारी नोकरानं जहागीरदाराकडून बक्षीस घ्यायचं नसतं, हे ठाऊक आहे?"

"साहेब, मी विकत घेतली."

"इथं तुमच्या अक्षरात लिहिलंय की ते प्रसन्न झाले."

"ती रीत आहे, साहेब. पैसे दिले मी."

"पावती?"

मी महिपतरावांकडे धावलो. पावतीचे नाव काढताच त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी आता दुकान मांडून बसलो, असं लिहून देऊ?" त्यांचा आवाज बारीक झाला होता, रागाचा नव्हता. मग गाडी परत घ्या म्हणालो. त्यावर ते इतकेच म्हणाले, "दिलेलं परत घेतल्यावर आमच्याकडं राहिलं काय?" रिकाम्या पागेकडे पाहून मला त्याचे उत्तर दिसत होते. मी तिळगुळाच्या वेळी करतो तसा नमस्कार केला आणि निघालो.

अशा रीतीने घेतलेली म्हणता येईना, परत देता येईना, नोंदवता येईना, अशी गाडी माझ्या दारात उभी राहिली. माझ्यावर खुलाशाचा कागद निघाला. रघुनाथराव म्हणाले, "घाबरू नका. आता नवीन मोठा प्रांत होऊन राहिलाय. राजधानी ग्वाल्हेरच होणार. दुसऱ्या कुठल्या गावाला असा किल्ला आहे? मग तुम्हाला गाडीही नको न् खुलासाही नको." फेररचनेचा अहवाल वर्तमानपत्रात येऊन गेला होता. गल्लीने त्याचा अभ्यास केला होता आणि त्यातून ग्वाल्हेरला सोयीचे तेवढेच लक्षात ठेवले होते.

मार्चातल्या एका रविवारी मी ठरवले की कागदांचे होईल ते होईल. एकदा तिघांनी त्या गाडीतून जाऊन यायचे. शिवपुरीच्या रस्त्याने पनिहारपर्यंत. कान्होजी चालवायला, त्याच्या शेजारी रघुनाथराव, कारण त्यांच्याशिवाय मोहीम निघाली असती तर त्यांनी ती मानलीच नसती. शरयूला पुढे जागा राहिली नाही, हे आमच्या लक्षात आले तेव्हा रघुनाथराव बसून झाले होते. "मागंच बरं आहे," ती म्हणाली. "नंदूला पलंगावर लोळायचंय."

सुधाताईंनी खिडकीतून डबा दिला. "नवीन घाण्याच्या आहेत. पांढऱ्या. तशाच परत आणू नका."

शहर मागे पडले. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. नंदूने पडदे उघडले, मिटले, उघडले. टाकीतले पाणी प्यायली, पलंगावरून उड्या मारल्या, आणि मग माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आपण रोज इथेच राहायचं?"

बाबा म्हणाली. मी कान्होजीला हळू घे म्हणून उगाच ओरडलो. गाडी हळू झाली, तशी नंदूला रस्त्याकडेला पळसाची फांदी दिसली आणि ती दार उघडायला धावली. मी तिला धरले आणि रागावलो. "नंदू! चालत्या गाडीतून उतरायचं नसतं. कधीच नाही. कळलं?" तिने मोठ्या गंभीरपणे मान हलवली. मग तिने गाणे सुरू केले आणि शरयू टाळ्यांचा ताल देऊ लागली.

पुढे चढ लागला. कान्होजीने जोर दिला. धूर मागे जातो हे रघुनाथरावांचे म्हणणे सपाट रस्त्यापुरते खरे होते. चढावर तो फळ्यांच्या फटींतून वर आला. आधी वास आला, मग खिडकीतल्या उन्हात तो तरंगताना दिसला. मी शरयूकडे पाहिले. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि टाळ्या वाजवत होती. मी खुणेने विचारले. तिने मान हलवली, काही नाही. नंदू गात होती. शरयूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, ओठ निळसर दिसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होते आणि टाळी चुकत नव्हती.

मी पुढची फळी ठोकून गाडी थांबवली.

आम्ही तिला उचलून एका झाडाखाली आणले. खोकला सुटला तो थांबेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, इंदूरच्या त्या खोलीत फिरवायचो तसा. नंदू गाडीच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. रघुनाथराव खाली उतरले, जवळ आले, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच काही न बोलता परत गेले.

बऱ्याच वेळाने शरयूचा श्वास जाग्यावर आला. "एप्रिलपर्यंत सवय होईल," ती म्हणाली.

"कशाची?"

"धुराची. एकटीनं राहायची झालीच की नाही? तशी हीही होईल."

मी तोंड फिरवले आणि रडलो. रस्त्याकडेला, भर दुपारी, कान्होजीच्या आणि रिसालदारांच्या देखत. त्या गाडीच्या पायी माझी अब्रू गल्लीत गेली होती, कचेरीत गेली होती. इथे जे गेले ती अब्रू नव्हती एवढे मला कळत होते. आम्ही तिघे शिवपुरीकडून येणाऱ्या बसने घरी परतलो. सुधाताईंचा डबा न उघडताच राहिला.

एप्रिलात मी ट्रंक घेऊन एकटा इंदूरला गेलो. त्या वर्षी नोव्हेंबरात नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेर-इंदूरचा वाद अशा तऱ्हेने कायमचा मिटला. रघुनाथराव दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "भोपाळला तलाव आहे म्हणे. तलावाचा काय उपयोग? शत्रू काय पोहत येऊन राहिलाय?" माझ्या खुलाशावर शेरा पडला, की हा प्रश्न आता उत्तराधिकारी राज्याने हाताळावा. आमचा विभाग मोठा झाला, कारण महाकोशलाच्या आणि विंध्यप्रदेशाच्या सुट्ट्या नव्याने आल्या. तो बारा महिने भोपाळलाच राहणार असे ठरले. आम्हां कारकुनांना राहायला बराकीत खाटा मिळाल्या. कुटुंबासाठी घरे बांधून होतील, असे सांगितले होते. दोन राजधान्या होत्या तेव्हा मी निदान अर्धे वर्ष घरी असे.

गाडीचे इंजिन रघुनाथरावांनी माझ्या सांगण्यावरून हजीरा भागातल्या एका चक्कीवाल्याला देऊन टाकले. बक्षीस म्हणून दिले, की पुन्हा कुठे पावती नको. त्यावर आता लोकांचे गहू दळले जातात. गाडीची खोली तेवढी आमच्या गल्लीत भिंतीला लागून उभी आहे. तिला आता घर म्हणायला कोणाची हरकत नाही.

संक्रांतीला मी चार दिवसांच्या रजेवर आलो. या खेपेला नंदू मला पाहून पळाली नाही. तिने माझा हात धरला आणि थेट गाडीत नेले. शरयूने आत पडदे धुऊन लावले होते. दुमडायच्या टेबलावर तिळगूळ होता. "दुपारची मी इथंच असते," शरयू म्हणाली. "इथं मोकळा श्वास येतो." इंजिन काढल्यापासून ती गल्लीतली सगळ्यांत स्वच्छ हवेची जागा होती. आम्ही चारही दिवस तिथेच जेवलो, तिथेच निजलो. नंदू पुढच्या रिकाम्या खोबणीत बसून गाडी चालवी आणि वाटेतली गावे सांगे. काही गावे तिने बनवलेली होती. मी जे योजले होते ते सगळे झाले होते. फक्त गाडी हलत नव्हती.

निघायच्या दिवशी टांगा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ट्रंक आधीच त्यात ठेवली होती. मी पलंगावरून उठलो आणि टोपी घातली.

"बाबा," नंदू पुढून, मागे वळून न पाहता म्हणाली, "चालत्या गाडीतून उतरायचं नसतं."

शरयू एकदम खिडकीकडे वळली.

"बरं," मी म्हणालो, "मग जरा थांबव. मी उतरतो, मग तू पुढं जा."

"ही मध्ये नाही थांबत. ही एकदम भोपाळलाच जाते. तिघंजण बसले असतील तर."

टांगेवाला हाका मारू लागला. मी टोपी काढली आणि पुन्हा बसलो.